मंगळसूत्र काढून लावायची क्रीम

सहाव्या महिन्यात माझ्या तोंडावर वांग आले. दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर, पांढऱ्या चादरीवर चहा सांडून पुसल्यावर राहतो तसला डाग. बेळगावच्या गणपत गल्लीत बाजाराला गेलं की ओळखीच्या बायका आधी तोंडाकडं बघायच्या, मग पोटाकडं. डोहाळजेवण पंधरा दिवसांवर आलेलं. अक्कल कुठं गेली होती म्हणाल, तर ती त्या दिवशीच्या फोटोत अडकली होती.

नणंदेच्या ओळखीची एक बाई, माहेर निपाणी, दिलेली गडहिंग्लजला. पंधरवड्यातून एकदा वडगावात येऊन घरोघरी क्रीम विकायची. पिशवीतून डबी काढली, फोनवर चार बायकांचे आधीचे-नंतरचे फोटो दाखवले आणि म्हणाली, "पूर्ण आयुर्वेदिक हाय अक्का. गरोदर बायकांना मी हेच देते. बाळबी गोरं होतंय बघा." ह्या शेवटच्या वाक्यालाच तिला दार दाखवायला हवं होतं. मी मात्र दोन डब्या घेतल्या, 30 ग्रॅमची एक 1,200 ला, दोन घेतल्या म्हणून 2,200.

झाकणावर कमळाचं चित्र. बुडाला बोट फिरवलं तर चिकट लागलं, कागद खरवडून काढल्याचा गोल. "लेबल कुठाय?" विचारलं तर म्हणाली, "उन्हात सुटतंय हो ते." उंबऱ्यावर चप्पल घालता घालता मागं वळून सांगितलं, "लावताना मंगळसूत्र, अंगठी काढून ठेवायची हं. सोन्याला लागू द्यायचं नाही."

मला वाटलं, औषध जालीम असणार.

सासूबाई मात्र अडून बसल्या. पोटुशी बाईनं मंगळसूत्र उतरवायचं नाही म्हणजे नाही. रोज रात्री वाद नको म्हणून मी न्हाणीघरात कडी लावून काढायचे, क्रीम लावायचे, हात धुऊन परत घालायचे. आठवड्यात तोंड उजळलं. मी खूश. दोन आठवडे उलटल्यावर कातडी कागदासारखी पातळ झाली, गॅससमोर उभं राहिलं तरी चरचरायची. ते मी कुणाला सांगितलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाई तायी कार्डावर, म्हणजे गरोदर बाईच्या तपासणीच्या कार्डावर, बीपी लिहीत होत्या आणि सासूबाई मला रागं भरत होत्या, "बघा की मॅडम, रोज मंगळसूत्र काढून ठेवतीय." पेन थांबलं. "का काढता?" मी सांगितलं. "सोन्याला लागू देऊ नका, असं विकणारीच म्हणाली?" पर्समधली डबी मी पुढं ठेवली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

पारा सोन्याला धरतो, म्हणून दागिने दूर ठेवा ही सूचना पाऱ्याच्या क्रीमची जुनी खूण आहे, हे मला तिथं कळलं. पारा कातडीचा रंग बनणं रोखतो, म्हणून तोंड उजळतं. पण तोच कातडीतून रक्तात आणि वारेतून बाळापर्यंत जातो. घात होतो तो मेंदूचा आणि मूत्रपिंडाचा. आपल्याकडं तोंडाच्या क्रीममध्ये पारा मुद्दाम घालायला बंदी आहे, नकळत आला तरी दहा लाखांत एक भाग एवढीच मुभा. 2023 मध्ये केरळात मलप्पुरमला अशा क्रीम लावणाऱ्यांची मूत्रपिंडं बिघडल्याचं उघड झालं होतं. शिवाय बिनलेबलच्या डबीत स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन असलं कातडीचं कुठलंही औषध कालवलेलं असू शकतं, आणि यातली शेवटची दोन गरोदरपणात टाळायलाच सांगतात. मी डबी तपासून घेतलेली नाही, त्यामुळं आत काय होतं ते शपथेवर नाही सांगू शकत. माझी लघवी मात्र तपासायला बाहेरगावी पाठवली. अहवाल नीट आला, पण तो येईपर्यंतचे नऊ दिवस मी बाळाच्या लाथा मोजत काढले.

क्रीमवाल्या बाईला फोन केला. "तुम्ही कर्नाटकात, आम्ही महाराष्ट्रात. घाला कुठं केस घालताय ती." सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे हे ऐकतच मी मोठी झाले, तेव्हा तिचं म्हणणं मला खरंच वाटलं. खरं नव्हतं. 2019 च्या ग्राहक कायद्यानं आपण राहतो तिथल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विकणारा कुठलाही असो. 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावूनही सांगता येतं. माझ्याकडं पावती नव्हती आणि पैसे तिच्या पोराच्या नंबरवर गेलेले. पुढच्या आठवड्यात तो नंबरच बंद झाला.

आता साबण घेतानाही मी आधी डबा उलटा करते. उत्पादकाचा पत्ता, परवाना नंबर, बॅच, मुदत, घटक. घटकांत कॅलोमेल किंवा मर्क्युरिक असलं काही दिसलं तर तो पाराच. डॉक्टरीणबाईंनी मला फक्त झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन आणि डोक्यावर पदर एवढंच सांगितलं. वांग बाळंतपणानंतर सहा-सात महिन्यांत आपोआप फिके पडले.

डोहाळजेवणाचा फोटो बाहेरच्या खोलीत लावलाय. तोंड अगदी उजळ आलंय. सासूबाई पाहुण्यांना कौतुकानं दाखवतात, तेव्हा मी चहा टाकायला आत जाते.