कोल्हापूरच्या राजारामपुरीतला कॉम्प्युटरवाला

घरचा कॉम्प्युटर चालू व्हायला ६ मिनिटं घ्यायचा. तोवर माझी अंघोळ उरकायची. आधीच्या एकानं "नवीनच घ्या" म्हणून वाटेला लावलं होतं. या पोरानं मात्र आधी टास्क मॅनेजर उघडून स्टार्टअपमधले, म्हणजे कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होणारे, ११ प्रोग्रॅम बंद केले. दीड मिनिट वाचलं. मग म्हणाला, "काका, खरा घोळ जुन्या हार्ड डिस्कचा. तिची तबकडी फिरणार, मग डेटा हुडकणार. एसएसडी म्हणजे चिपवाली डिस्क, तिच्यात फिरायचं कायच नाही." २५६ जीबीची एसएसडी बसवली, जुन्या डिस्कवरचं विंडोज होतं तसंच तिच्यावर घेतलं, फोटो शाबूत. आता २० सेकंदांत चालू. नाद खुळा! जुनी डिस्कही न मागता परत दिली. फक्त त्याचं 'संध्याकाळी या' म्हणजे दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ, आणि गाडी लावायला जागा शोधा.