गूगल ॲडसेन्स रिव्ह्यू: पैसे येतात, पण पानावरचा ताबा सोडू नका

गूगल ॲडसेन्स म्हणजे आपल्या साइटवर गूगलमार्फत जाहिराती लावून पैसे मिळवायची सोय. आधीच सांगून टाकतो, ५ पैकी साडेतीन. पैसे बुडत नाहीत, हिशोब दिसतो आणि ज्याच्याकडे अजून फारसे वाचक नाहीत त्यालाही आत घेतात, म्हणून साडेतीन. उरलेला दीड का कापला ते जरा सविस्तर लिहितो, कारण याच्यावरचं बहुतेक लिखाण एकतर "झोपेत कमाई" छाप असतं नाहीतर अकाउंट बंद झाल्याच्या रागात लिहिलेलं, मधलं कोणी काही सांगतच नाही.

माझी साइट प्रिंटर, राउटर, न चालणारे ड्रायव्हर असल्या रटाळ विषयांवर आहे. लोक सर्चमधून येतात, एरर कोड शोधतात, उपाय सापडला की पसार. म्हणजे जाहिरातीच्या दृष्टीनं फार लाडका वाचक नाही. तरी अशा साइटवरही ॲडसेन्स चालतं हे महत्त्वाचं, कारण बाकीची चांगली जाहिरात नेटवर्क आधी ट्रॅफिक किंवा कमाईचा आकडा विचारतात. इथे तसली अट नाही. साइट तुमची स्वतःची हवी, मजकूर तुमचा हवा, वय १८ पूर्ण हवं, एवढं असलं की अर्ज करता येतो. रिव्ह्यूला बहुतेक वेळा काही दिवस लागतात, कधी २ ते ४ आठवडेही जातात. नाकारलं तर कारण म्हणून बऱ्याच वेळा "कमी मूल्याचा मजकूर" एवढंच लिहिलेलं येतं, आणि नेमकं कुठलं पान कमी मूल्याचं ते तुम्हीच शोधत बसा. अर्धवट कॅटेगरी पानं, दोन ओळींच्या पोस्ट, कुठूनतरी उचललेला मजकूर असं काही असेल तर ते आधी साफ करा आणि मगच पुन्हा अर्ज करा.

आता पैशाचं. ॲडसेन्स २००३ मध्ये सुरू झालं आणि तेव्हापासून कल्पना तीच आहे, तुम्ही कोड चिकटवायचा, पान उघडलं की जाहिरातदारांमध्ये क्षणात लिलाव होतो, जो जिंकेल त्याची जाहिरात दिसते आणि तुम्हाला कोणाही जाहिरातदाराशी बोलावं लागत नाही. बरीच वर्षं हिशोब असा होता की कंटेंटच्या जाहिरातींमधले ६८ टक्के प्रकाशकाला, म्हणजे साइटवाल्याला. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी याची मांडणी बदलायची घोषणा केली. आता जाहिरातदार जिथून जाहिरात देतो तो प्लॅटफॉर्म आपली फी आधी कापतो आणि उरलेल्यातले ८० टक्के आपल्याला. जाहिरात गूगल ॲड्समधून, म्हणजे गूगलच्याच तसल्या प्लॅटफॉर्ममधून, आली तर तिथे सरासरी १५ टक्के कापले जातात, म्हणजे फिरून हिशोब ६८ च्याच आसपास. त्याच वेळी क्लिकऐवजी इंप्रेशनवर, म्हणजे जाहिरात दिसण्यावर, पैसे द्यायचं ठरलं. तरीही अजून लोक "माझा सीपीसी (दर क्लिकमागचे पैसे) किती" हेच विचारत बसतात. विचारायचं असेल तर आरपीएम विचारा, दर हजार पेजव्ह्यूमागे किती पडले ते.

आणि हा आरपीएम कशानं हलतो ते कळलं की अर्धी लढाई जिंकली. माझ्याकडे "प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय" या पानावर सगळ्यात जास्त गर्दी असते, पण आरपीएम तिथे अगदीच मरतुकडा, कारण तो माणूस वैतागलेला आहे, त्याला आत्ता एक कागद प्रिंट करायचाय, काही विकत घ्यायचं नाहीये. याउलट लहान ऑफिससाठी लेझर घ्यावा की इंकटँक या पानावर मोजकी माणसं येतात पण आरपीएम कितीतरी पट, कारण तिथे येणारा पैसे खर्च करायच्या तयारीत आलाय आणि जाहिरातदारांना तोच हवाय. वाचक कुठल्या देशातला, मोबाइलवर की डेस्कटॉपवर, वर्षाचा कुठला महिना, हे सगळं त्यात येतंच. वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जाहिरातदार बजेट ओततात आणि जानेवारी उजाडला की आकडे धाडकन खाली येतात. तुमची साइट बिघडलेली नसते, घाबरून जानेवारीत थीम बदलू नका.

आता दीड मार्क जिथे गेला ती जागा: ऑटो ॲड्स. कोड टाकल्यावर एक स्विच चालू करायचा, मग कुठे किती जाहिराती टाकायच्या ते त्यांचं त्यांचं ठरतं. ऐकायला भारी. नवीन माणूस चालू करून मोकळा होतो, पहिल्या आठवड्यात आकडा वर जातो आणि त्याला वाटतं झालं काम. पण स्वतःचं पान एकदा मोबाइलवर, इनकॉग्निटोमध्ये, वाचक म्हणून उघडून बघा. पायरी ३ मध्ये "पॉवर बटण दाबून धरा" आणि पायरी ४ मध्ये "आता सोडा", या दोघांच्या मधे जर जाहिरातीचा ठोकळा आला तर तो बिचारा एका हातानं बटण दाबून दुसऱ्या हातानं स्क्रोल करतोय. मशीनला काय माहीत की या दोन ओळी एकमेकींना चिकटलेल्या आहेत, त्याला फक्त दोन परिच्छेदांमधली मोकळी जागा दिसते.

त्याहून वाईट म्हणजे पान उडी मारतं ते. वाचक "ड्रायव्हर डाउनलोड" या लिंकवर बोट टेकवणार तेवढ्यात वरची जाहिरात उशिरानं लोड होते, सगळा मजकूर खाली सरकतो आणि बोट भलत्याच ठिकाणी पडतं. गूगलच्याच मोजमापात याला सीएलएस म्हणतात आणि तो ०.१ किंवा त्याखाली असला तर चांगला धरतात, म्हणजे गूगलच्या एका विभागाची जाहिरात दुसऱ्या विभागाचा नियम मोडतेय असा प्रकार. यावर उपाय सोपा आहे, जाहिरात जिथे येणार तिथे सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणारा कोड) आधीच मिन-हाइट, म्हणजे कमीत कमी उंची, देऊन जागा राखून ठेवायची. पण हे करायचं तर जागा तुम्ही ठरवलेली पाहिजे, म्हणजे मॅन्युअल ॲड युनिट. मी असंच करतो: पहिल्या दोन परिच्छेदांनंतर एक, मोठ्या लेखात मध्ये एखादं, उपाय संपल्यावर एक, बास. पायऱ्यांच्या यादीत एकही नाही. ऑटो ॲड्समधून फक्त खाली चिकटणारी अँकर जाहिरात चालू ठेवलीय, तीही कुठलं बटण झाकत नाही ना हे बघून.

एका पानावरून दुसऱ्यावर जाताना पूर्ण स्क्रीनभर येते ती विनेट मात्र बंद. पैसे चांगले देते हे खरं आहे, नाही म्हणत नाही, पण एरर कोड शोधत आलेल्या माणसाला दुसऱ्या पानावर पाठवायचं आणि मधे स्क्रीनभर गेमची जाहिरात दाखवायची म्हणजे परत येऊ नकोस असं सांगण्यासारखंच आहे. ज्यांची साइट लोक निवांत वाचतात, गोष्टी किंवा फोटो वगैरे, त्यांनी चालू ठेवून बघायला हरकत नाही, किती वेळानं दाखवायच्या हे सेटिंगमध्ये कमीजास्त करता येतं.

किती जाहिराती म्हणजे जास्त? पूर्वी पानावर तीनच कंटेंट जाहिराती अशी सरळ मर्यादा होती, ती २०१६ मध्ये काढली. आता नियम असा की जाहिराती मजकुरापेक्षा जास्त नकोत. हे फारच ढगळ वाटत असेल तर बेटर ॲड्स स्टँडर्ड (वाचकांना त्रासदायक जाहिराती टाळण्याचे ठरलेले निकष) धरा, मोबाइलवर मुख्य मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त जागा जाहिरातींनी खाऊ नये. क्रोम २०१८ पासून या स्टँडर्डमध्ये न बसणाऱ्या साइटवरच्या जाहिराती अडवतं, त्यामुळे हा काही नुसता सद्भावनेचा सल्ला नाही.

हिशोबाच्या बाबतीत मात्र मी खूश आहे. रिपोर्टमध्ये रोज दिसतो तो अंदाज असतो, महिना संपला की पक्का आकडा लागतो, त्यात खोट्या किंवा संशयास्पद क्लिकचे पैसे वजा होतात. कपात दिसली की लोक लगेच चोर चोर करतात, पण ते पैसे मुळात जाहिरातदाराचे असतात, बॉटनं केलेल्या क्लिकचे त्यानं का द्यायचे? आणि "मित्रांनो जरा जाहिरातीवर क्लिक करा" असं ग्रुपवर टाकणाऱ्यांना तर साष्टांग नमस्कार. स्वतः क्लिक करणं, दुसऱ्याला करायला सांगणं, दोन्हीवर अकाउंट जातं, आणि असं गेलेलं अकाउंट सहसा परत मिळत नाही, अपील एकदा फॉर्मवर करायचं आणि देवावर हवाला.

सपोर्ट हाच दुसरा कमकुवत भाग. आठवड्याला सातत्यानं २५ डॉलरच्या वर कमाई असेल तर ईमेल सपोर्ट, नाहीतर हेल्प पानं वाचा आणि आपापलं बघा. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त मदत लागते त्यालाच माणूस मिळत नाही. हे मला अजिबात पटत नाही.

पैसे हातात यायला वेळ लागतो, ते धरूनच चाला. १० डॉलर जमले की घरच्या पत्त्यावर पोस्टानं पिन येतो, तो टाकून पत्ता सिद्ध करायचा. पिन पहिल्यांदा निघाल्यापासून ४ महिन्यांत टाकला नाही तर जाहिराती दिसणं बंद. म्हणून पत्ता भरताना पोस्टमनला कळेल असा भरा, इमारतीचं नाव गाळून नुसता फ्लॅट नंबर टाकलात तर पत्र गावभर फिरेल. टॅक्सची माहितीही तेव्हाच भरून टाका. पुढे १०० डॉलर झाले की त्या महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान निघतात. छोट्या साइटला पहिले १०० व्हायलाच कितीतरी महिने जाऊ शकतात, तोवर नोकरी सोडायचा विचार मनात आणू नका.

दुसरं काही वापरून पाहिलंय का? पाहिलंय. एका नेटवर्कचं नाव घेत नाही, अर्ज केला की लगेच मंजूर, आरपीएमची मोठमोठी आश्वासनं, आणि मग वाचकांचे मेल यायला लागले की पान उघडलं की आपोआप "तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे" वाल्या साइटवर जातंय. सपोर्टला लिहिलं तर म्हणे स्क्रीनशॉट पाठवा. पाठवले. मग म्हणे आमच्याकडे तसं दिसत नाही. कोड काढून टाकला आणि विषय संपवला. ॲडसेन्समध्येही फालतू जाहिराती येतात, पण तिथे ब्लॉकिंग कंट्रोलमध्ये जाऊन संवेदनशील कॅटेगरी बंद करता येतात, एखाद्या जाहिरातदाराची यूआरएल अडवता येते आणि आलेल्या जाहिराती रिव्ह्यू सेंटरमध्ये बघता येतात. माझ्या विषयात "ड्रायव्हर अपडेट करा" असं मोठं हिरवं बटण असलेल्या जाहिराती फार येतात, त्या वाचकाला माझंच बटण वाटतात, त्यामुळे तिथे जाऊन एकेक हाकलणं हे माझं ठरलेलं काम आहे.

साइट वाढली की मीडियाव्हाइन, रॅप्टिव्ह अशांकडे जायचा विषय निघतोच. ते पानावरच्या जाहिरातींचं सगळं व्यवस्थापन स्वतः करतात, आरपीएम बहुतेकांना जास्त मिळतो, पण प्रवेशाच्या अटी असतात आणि त्या बदलत राहतात, म्हणून कोणाच्या तरी जुन्या व्हिडिओवरून आकडे पाठ करू नका, त्यांच्याच साइटवर बघा. तिकडे जाताना करारात तीन गोष्टी आधी वाचा: फक्त त्यांच्याच जाहिराती लावायचं बंधन आहे का, सोडायचं असेल तर किती दिवसांची नोटीस, आणि पैसे किती दिवसांनी मिळतात. ॲडसेन्सचं अकाउंट मात्र बंद करू नका, तसंच राहू द्या. आणि परत याल तेव्हा ॲड्स डॉट टीएक्सटी फाइलमध्ये (तुमच्या साइटवरची जागा कोण विकू शकतं त्याची यादी) तुमची प्रकाशक आयडीची ओळ शिल्लक आहे का ते आधी बघा, नवीन नेटवर्क ती फाइल स्वतःकडे घेतं आणि ती ओळ नसली तर खरेदीदार बोलीच लावत नाहीत.