चार छिद्रे, एक डबी आणि लांबलचक बिल

माझ्या आईचे पित्ताशय १९८७ साली मिरजेत काढले, तेव्हा उजव्या बरगडीखाली वीतभर छेद घेतला होता. ती दहा दिवस रुग्णालयात होती आणि पुढचे दोन महिने तिने पाण्याची कळशी उचलली नाही. तीच शस्त्रक्रिया गेल्या श्रावणात पुण्यातील एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात माझ्यावर दुर्बिणीद्वारे झाली. सोमवारी सकाळी दाखल झालो आणि मंगळवारी दुपारी दोन जिने चढून घरी आलो. तेव्हापासून ओळखीचे लोक या सेवेविषयी विचारतात, आणि त्यांतील निम्म्यांचा पहिला प्रश्न ‘लेझरने करतात ना?’ असा असतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

लेझरचा येथे काहीही संबंध नाही. बेंबीजवळून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याचा दाब पाऱ्याच्या १२ ते १४ मिलिमीटरांच्या आसपास राखतात, आणि पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली गेली की आत काम करण्यापुरती जागा होते. माझ्या पोटावर चार छिद्रे आहेत : दोन १० मिलिमीटरची आणि दोन ५ मिलिमीटरची. एकातून कॅमेरा जातो, उरलेल्यांतून लांब दांड्यांची उपकरणे, आणि पित्ताशयाची नळी व रक्तवाहिनी यांना क्लिपा लावून ती कापली की पित्ताशय यकृतापासून सोडवून एका छिद्रातून बाहेर काढतात.

या सेवेतील मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वीची वीस मिनिटे. सर्जननी चिठ्ठीच्या मागे पित्तनलिकेचे चित्र काढून सांगितले, की चुकून मुख्य नलिकेलाच इजा होणे हा या पद्धतीतला खरा धोका आहे. तो क्वचितच उद्भवतो, पण उद्भवला तर गंभीर असतो. ‘आत सूज जास्त असेल आणि नळी स्पष्ट दिसली नाही, तर मी पोट उघडणार. त्याला अपयश समजू नका,’ असे त्यांनी बजावले. उघडावे लागण्याची शक्यताच नाही असे छातीठोक सांगणाऱ्या दुसऱ्या एका ठिकाणाहून मी आधी जाऊन आलो होतो, त्यामुळे हे वाक्य ऐकताच माझा निर्णय झाला.

गंमत अशी, की ज्या तंत्रासाठी आज चकचकीत रुग्णालये जाहिराती करतात, ते भारतात रुजले ते मुंबईच्या सरकारी जे. जे. रुग्णालयात. डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९७२ पासून तेथे निदानासाठी दुर्बीण वापरली. महागड्या तपासण्या न परवडणाऱ्या रुग्णांच्या पोटात प्रत्यक्ष डोकावून रोग ओळखता येतो, हा त्यामागचा साधा हिशेब होता. जर्मनीत एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये दुर्बिणीतून पहिले पित्ताशय काढले, त्यानंतर पाचच वर्षांनी, १९९० मध्ये, उडवाडिया यांनी जे. जे. मध्ये भारतातील अशी पहिली शस्त्रक्रिया केली.

खेड्यापाड्यांत मात्र दुर्बीण त्याआधीच पोहोचली होती, ती कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून. माझ्या मावशीला ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हटले की आजही तेच आठवते. उपकरण तेच असले तरी सेवा तीच असते असे नाही, याचा भीषण पुरावा २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात मिळाला : एकाच डॉक्टरने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या आणि त्यानंतर त्यांतील अनेक जणी दगावल्या. अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. म्हणून कोणत्या कंपनीचा कॅमेरा आहे यापेक्षा दिवसाला किती शस्त्रक्रिया होतात आणि उपकरणांचे निर्जंतुकीकरण कसे होते, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे. मी विचारले, आणि मला तो विभाग बाहेरून का होईना, दाखवण्यात आला.

आता तक्रारी. त्या रात्री पोटापेक्षा माझा उजवा खांदाच अधिक दुखत होता, आणि हे हृदयाचे तर नसेल ना, या धास्तीने मी तीन तास जागा होतो. अखेर रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, ‘काका, तो गॅस आहे, सगळ्यांना होतो. उठून दोन फेऱ्या मारा.’ आत उरलेल्या वायूमुळे श्वासपटल चिडते आणि ती वेदना खांद्यात जाणवते, एवढे एक वाक्य आधी सांगितले असते तर माझी झोप वाचली असती. दुसरी तक्रार बिलाची. पॅकेज म्हणून जो आकडा सांगितला होता, त्यात ट्रोकार (छिद्रातून उपकरणे आत घालायच्या नळ्या), क्लिपा आणि पित्ताशय बाहेर काढण्याची पिशवी धरलेली नव्हती. हे सामान ‘कन्झ्युमेबल्स’ या नावाखाली निराळे लावले गेले आणि विमा कंपनीने त्यातले बरेचसे नाकारले. दाखल होण्यापूर्वी हा आकडा लेखी मागून घ्यावा. शस्त्रक्रियेला मी पैकीच्या पैकी गुण देईन. बिल विभाग मात्र काठावर पास.

निघताना हातात प्लास्टिकची डबी मिळाली, तिच्यात वाटाण्याएवढे सात तपकिरी खडे होते. काढलेले पित्ताशय तपासणीसाठी पाठवले का, हे मात्र मलाच विचारावे लागले. आत दडलेला कर्करोग कधी कधी याच तपासणीत सापडतो, त्यामुळे हे विचारायला विसरू नये. माझा अहवाल आठव्या दिवशी आला आणि तो स्वच्छ होता. आईने डबी उजेडात धरून खडे दोनदा मोजले आणि ‘मला माझे कोणी दाखवलेच नाहीत,’ अशी तब्बल सदतीस वर्षांनी तक्रार केली.