ऑफिस शिफ्टिंग व नेटवर्किंग सेवा, आर्वी: काम नेटकं, अर्थिंगकडे दुर्लक्ष

आमच्या पतसंस्थेचे 8 कॉम्प्युटर आणि सर्व्हर नव्या इमारतीत हलवायचं काम शनिवारी संध्याकाळी सुरू झालं, सोमवारी दहाला काउंटर चालू. आधी बॅकअप घेऊन तो दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिला. हे फार कमी जण करतात. प्रत्येक कॅट-सिक्स (नेटवर्कच्या) वायरच्या दोन्ही टोकांना नंबर.

चूक एकच, पण मोठी. त्यांनी अर्थिंग मोजलंच नाही. नंतर मोजलं तर न्यूट्रल आणि अर्थच्या वायरमध्ये 14 व्होल्ट निघाले, 3 च्या आत हवेत. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगसाठी जमिनीत पुरलेल्या इलेक्ट्रोडभोवती पोकळी होते. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरून पाणी सोडलं तेव्हा कुठे 2 वर आलं. यूपीएसच्या बॅटऱ्या पश्चिमेच्या भिंतीला ठेवू देऊ नका, मे महिन्यात फुगतात. ब्रॉडबँड हलवायचा अर्ज मात्र पंधरा दिवस आधी स्वतःच द्या.