बेळगावच्या हवेच्या दाबाची जुनी नोंद: ओपन-मेटिओ कितपत कामाची?

परीक्षेच्या उत्तरसूचीत ‘पाऱ्याची उंची 76 सेंमी’ आणि मुलानं बेळगावच्या प्रयोगशाळेतल्या बॅरोमीटरवर (हवेचा दाब मोजायच्या यंत्रावर) वाचून लिहिलेलं उत्तर 69 च्या आसपास, तर मुलाचं उत्तर बरोबर आहे. बेळगावचा सांब्रा विमानतळ समुद्रसपाटीपासून 758 मीटरवर. तिथला प्रमाण दाब सुमारे 925 हेक्टोपास्कल, म्हणजे 69.4 सेंमी पारा. पण उत्तरसूचीवर घ्यायच्या हरकतीला त्या दिवसाचा, त्या वेळेचा आकडा जोडलेला बरा.

त्यासाठी ओपन-मेटिओ या हवामानाच्या संकेतस्थळाचं जुन्या हवामानाचं पान उत्तम आहे. 1940 पासूनचे तासातासाचे आकडे, बिगर-व्यावसायिक वापर फुकट, आकड्यांच्या तक्त्याची सीएसव्ही फाइल लगेच उतरते. अक्षांश 15.86, रेखांश 74.62 घाला आणि ‘सरफेस प्रेशर’ (त्या जागेच्या उंचीवरचा दाब) निवडा. बहुतेक जण इथंच फसतात: शेजारचा ‘सी-लेव्हल प्रेशर’ (समुद्रसपाटीवर आणलेला दाब) घेतला की हजाराच्या वरचा आकडा येतो आणि उत्तरसूचीच खरी वाटायला लागते. सीएसव्हीच्या वरच्या ओळींतली उंचीही बघा. शंभर मीटरचा फरक पडला तर दाब जवळजवळ 11 हेक्टोपास्कलनं हलतो. खानापूर, निपाणीकरांनी आपल्याच गावाचे अक्षांश-रेखांश घालावेत.

दुसरी चूक वेळेची. आपल्याकडे दाब सकाळी दहाच्या सुमारास चढतो, दुपारी चारला उतरतो. फरक 3-4 हेक्टोपास्कल. पान मुळात जीएमटीत चालतं. सकाळी साडेदहाचं वाचन हवं तर 05:00 ची ओळ घ्या. 10:00 ची घेतलीत तर दुपारी साडेतीनचा दाब हाती येईल.

या सेवेचं खरं उणं असं, की हे आकडे गणिती प्रारूपातून येतात, यंत्रावरचं वाचन नव्हे. परीक्षक नेमकं तेच विचारेल. म्हणून जोडीला सांब्र्याचा मेटार (विमानतळावरचा ठरावीक वेळचा हवामान अहवाल) शोधा, विमानतळाचा संकेत व्हीओबीएम. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संग्रहात जगभरच्या विमानतळांचे जुने मेटार असतात. त्यातला ‘क्यू1008’ हा समुद्रसपाटीवर आणलेला दाब, त्याला 0.913 नं (सांब्र्याचा प्रमाण दाब भागिले समुद्रसपाटीचा) गुणलं की 920 च्या वर, म्हणजे 69 सेंमी. शिक्क्याची नोंद हवी असेल तर हवामान खात्याच्या पुण्यातल्या डेटा पोर्टलवर अर्ज करावा लागतो, त्याला वेळ धरा.

28 अंश तापमानाला फोर्टिनच्या (पाऱ्याच्या) बॅरोमीटरवरचं वाचन सुमारे 3 मिमी जास्त दिसतं, तेवढी दुरुस्ती हरकतीत लिहा. आणि प्रश्नात ‘समुद्रसपाटीला’ असा शब्द असेल, तर हरकत घेऊच नका.