टीओसीला जोडलेलं टीएन युनिट, डीओएनसाठी दोन वर्षं वापरून (५ पैकी ४ स्टार)

दोन वर्षं झाली मांडवी आणि झुआरीचं पाणी ह्या मशीनवर, म्हणजे टोटल ऑरगॅनिक कार्बन (टीओसी) मोजणाऱ्या मशीनला जोडलेल्या टोटल नायट्रोजन (टीएन) युनिटवर, चालवतेय. ब्रँड लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते ह्या प्रकारच्या कुठल्याही मशीनला लागू आहे आणि घ्यायच्या आधी हे कुणी सांगितलं असतं तर माझे कितीतरी महिने वाचले असते.

सगळ्यात आधी, ही मशीन डीओएन, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑरगॅनिक नायट्रोजन, थेट मोजत नाही. पाण्यात विरघळलेल्या संयुगांमधला सगळा नायट्रोजन ७२० डिग्रीला कॅटॅलिस्टवर जाळते, त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं, ते ओझोनशी भिडलं की उजेड पडतो आणि तो उजेड मोजते. म्हणजे हातात येतो तो टोटल. त्यातून नायट्रेट, नायट्राइट आणि अमोनिया आपण वेगळे मोजून वजा करायचे, उरला तो डीओएन, आणि सगळ्या मोजमापांची चूक त्या उरलेल्या छोट्या आकड्यावर येऊन बसते. समजा टोटल २५ मायक्रोमोलर, ०.६ मागेपुढे, इनऑरगॅनिक (नायट्रेट, नायट्राइट, अमोनिया मिळून) २०, ०.४ मागेपुढे, तर डीओएन ५ आणि चूक ०.७ च्या आसपास, ठीक आहे. पण खोल समुद्राचं पाणी घ्या, ३८ मधून ३५ वजा, चुकीचे टक्के तेच धरले तरी उरतात ३ आणि चूक १ च्या वर! असा आकडा पेपरात टाकायला माझा हात धजत नाही.

पहिल्या पावसाळ्यात माझ्या काही सॅम्पल्सचा डीओएन चक्क मायनस आला. मी मशीनवर संशय घेऊन दोन दिवस कॅलिब्रेशन करत बसले, आणि दोष निघाला अमोनिया मोजायच्या बाटल्यांत, लॅबची फरशी अमोनियावाल्या क्लीनरने पुसत होते, तो अमोनिया सॅम्पलमध्ये शिरून वजाबाकीच जास्त होत होती. तेव्हापासून अमोनिया त्याच दिवशी करते आणि फिल्टर ४५० डिग्रीला भाजल्याशिवाय वापरत नाही.

आता कौतुक. एकाच इंजेक्शनमध्ये कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही मिळतात, सॅम्पल थोडंसं लागतं, रात्री ऑटोसॅम्पलर लावून घरी जाता येतं. आधी परसल्फेट पद्धत (परसल्फेट घालून सगळ्या नायट्रोजनचं नायट्रेट करायचं) करायचे, ऑटोक्लेव्हला १२१ डिग्री, आणि परसल्फेटमध्येच नायट्रोजन असल्यामुळे ब्लँक (सॅम्पल नसतानाही येणारा आकडा) कमी करायला ते परत परत क्रिस्टलाइज करत बसायचं, ते सगळं सुटलं. कमी नायट्रोजनच्या पाण्याला केल्डाल (ॲसिडमध्ये उकळून नायट्रोजन मोजायची जुनी पद्धत) तर विसराच, तेवढी सेन्सिटिव्हिटीच नसते त्यात.

एक मात्र करा, नुसत्या पोटॅशियम नायट्रेटवर कॅलिब्रेट करून खूश होऊ नका. युरिया, ग्लायसिन चालवून रिकव्हरी (टाकलेल्यातला किती नायट्रोजन मोजला गेला ते) बघा, आणि अँटिपायरिनसुद्धा चालवा. त्यात नायट्रोजन-नायट्रोजन बाँड आहे, त्यातला काही भाग नायट्रोजन वायू होऊन निघून जातो आणि डिटेक्टरला तो दिसतच नाही, म्हणून आकडा कमी येतो. कॅटॅलिस्ट थकत आला की हा फरक सगळ्यात आधी इथे कळतो.

एक स्टार कापला तो मिठासाठी. खाऱ्या पाण्याच्या सॅम्पल्सनी ट्यूबमध्ये मीठ साचतं, पीकला (सिग्नलच्या उंचवट्याला) शेपूट यायला लागते, मग ट्यूब काढा, कॅटॅलिस्ट धुवा, परत ब्लँक खाली येईपर्यंत थांबा. उन्हाळ्यात खाडीचं पाणी खारट असतं तेव्हा हे फार लवकर होतं. आणि आमच्या डीलरचा सर्व्हिसवाला तीन फोन केल्याशिवाय येत नाही, त्यामुळे एक ट्यूब आणि कॅटॅलिस्ट मशीनबरोबरच जास्तीचे मागवून ठेवा.

नदी, तलाव, खाडी, वरचा समुद्र एवढंच काम असेल तर नक्की घ्या, पण त्याच बजेटमध्ये चांगल्या नायट्रेट-अमोनियाच्या सेटअपचे पैसे आधी बाजूला काढा.