वर्गावर्गांत ‘अलर्ट’ यंत्रणा आणि संस्थेचे बुडालेले ३,६७,६८८ रुपये

शाळांना अलर्ट यंत्रणा, म्हणजे वर्गात बटण दाबले की कार्यालयात इशारा देणारी नेटवर्कची यंत्रणा, बसवून देतो असे सांगणाऱ्या एका पुरवठादाराने आमच्या शिक्षणसंस्थेचे ३,६७,६८८ रुपये बुडवले आहेत. मी संस्थेचा कोषाध्यक्ष असून आरटीजीएसच्या अर्जावर सही माझी आहे, त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते. पण हीच मंडळी इतर संस्थांच्या दारात फिरत असताना गप्प राहणे अधिक लाजिरवाणे ठरेल.

बदलापूरच्या घटनेनंतर शालेय शिक्षण विभागाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी शासन निर्णय काढून एका महिन्यात सीसीटीव्ही बसवण्यास बजावले होते आणि न बसवल्यास अनुदान रोखण्याची किंवा मान्यता रद्द करण्याची कारवाई होईल, असेही म्हटले होते. नेमक्या त्या धास्तीच्या दिवसांत हा गृहस्थ आला. त्याच्याकडच्या प्रतीत प्रत्येक वर्गात पॅनिक बटण सक्तीचे असल्याचा परिच्छेद होता, जो मूळ प्रतीत मला नंतर सापडला नाही. शासन निर्णयाची झेरॉक्स कोणी पुढे केली, तर तिच्यावरचा संगणक संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून मूळ पीडीएफ स्वतः काढावी. त्याला आमच्या वर्गखोल्यांची संख्या आणि यूडायस क्रमांक (प्रत्येक शाळेला मिळणारा सरकारी ओळख क्रमांक) तोंडपाठ होता, म्हणून तो शिक्षण खात्याच्या यादीवरूनच आला असावा असे आम्हाला वाटले. वास्तविक ही माहिती यूडायसच्या संकेतस्थळावर कोणालाही दिसते.

दरपत्रक असे होते: १८ बटणे प्रत्येकी १२,५०० रुपये, १८ हूटर (भोंगे) प्रत्येकी ६,५०० रुपये, मध्यवर्ती पॅनेल व सर्व्हर ९६,००० रुपये, तारजोडणी ४८,००० रुपये, एकूण ४,८६,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५,७३,४८०. त्यातले ६० टक्के, म्हणजे ३,४४,०८८ रुपये, आगाऊ. ही रक्कम माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतली होती.

ज्या कागदाने आम्हाला वाचवायला हवे होते, तो आठवडाभर माझ्या टेबलावरच्या काचेखाली होता. महाराष्ट्रातल्या शाळेचा यूडायस क्रमांक २७ ने सुरू होतो आणि महाराष्ट्रात नोंदलेला जीएसटी क्रमांकही २७ नेच सुरू होतो. दरपत्रकावर आमचा यूडायस आणि त्याचा जीएसटी क्रमांक एकाखाली एक छापलेले होते. वर २७, खाली २४, म्हणजे गुजरात. पत्ता मात्र पुण्याचा, आणि कर ९ टक्के केंद्राचा, ९ टक्के राज्याचा, जो पुरवठादार इथलाच असेल तर लागतो. इतकेच नव्हे, जीएसटी क्रमांकात पॅन दडलेला असतो आणि पॅनचे चौथे अक्षर कंपनीसाठी ‘सी’, व्यक्तीसाठी ‘पी’ असते. या ‘प्रायव्हेट लिमिटेड’चे अक्षर ‘पी’ होते. कोषाध्यक्षाला एवढे कळू नये का, असे आता सगळेच विचारतात. शाळेच्या शुल्कावर जीएसटी नसतो, आमचा त्या विवरणपत्रांशी संबंध येत नाही, आणि नियमाप्रमाणे तीन दरपत्रके फाइलला लावलेली होती. उरलेली दोन त्यानेच ‘तुमचा त्रास वाचावा म्हणून’ आणून दिली होती, आणि तिन्हींत ‘सुरक्षितता’ हा शब्द एकाच प्रकारे चुकलेला होता. तुलनेची दरपत्रके विकणाऱ्याकडून कधीही घेऊ नयेत.

प्रात्यक्षिकात पाचवी अ च्या वर्गात बटण दाबल्यावर मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या पडद्यावर ‘५ अ’ अशी लाल अक्षरे उमटली आणि हूटर वाजला. आमच्या एका शिक्षिकेने तेवढ्यात विचारले, ‘दोन वर्गांतून एकदम दाबलं तर कोणता वर्ग दिसेल?’ त्यावर तो म्हणाला, ‘मॅडम, ते फुल इन्स्टॉलेशन झाल्यावर दिसेल.’ त्याने बटण एकच आणले होते. खऱ्या यंत्रणेत प्रत्येक बटणाची स्वतंत्र ओळख असते आणि एखादे बंद पडले तर पॅनेल तसे कळवते. म्हणून निदान दोन बटणे, मुख्य स्विच बंद करून आणि इंटरनेट काढून, आपल्याच इमारतीत तपासल्याशिवाय एक पैसाही देऊ नये.

दिवाळीच्या सुटीत माल आला. दुहेरी चिकटपट्टीने भिंतीवर लावलेली १८ पांढरी बटणे आणि कार्यालयात एक करडी लोखंडी पेटी. ‘सर्व्हर लायसन्स’ भरल्यावर सगळे सुरू होईल, असे सांगून त्याने आणखी २३,६०० रुपये यूपीआयने एका व्यक्तीच्या नावावर घेतले आणि त्यानंतर त्याचा फोन बंद झाला. गावातल्या वायरमनने पेटी उघडली, तेव्हा आत एकही तार न जोडलेला वायफाय राउटर आणि दारावरच्या बिनतारी बेलचा रिसीव्हर गोंदाने चिकटवलेला निघाला. कोणतेही बटण दाबले तरी तीच बेल वाजत होती, आणि वरच्या मजल्याच्या टोकाकडून तीही वाजत नव्हती.

पोलीस ठाण्यात सांगण्यात आले की माल मिळालेला आहे, त्यामुळे हा दिवाणी वाद आहे. खोटा शासन निर्णय दाखवून पैसे घेणे हा दिवाणी वाद कसा, या प्रश्नावर ‘साहेब बंदोबस्तावर आहेत’ एवढेच उत्तर मिळाले. बँकेने पोलिसांच्या पत्राशिवाय खातेदाराची माहिती देणार नाही असे सांगितले, आणि पोलिसांनी गुन्हा दाखल झाल्याशिवाय पत्र देणार नाही असे सांगितले. शिक्षण कार्यालयाने खरेदी संस्थेची, आमचा संबंध नाही, असे सांगून हात वर केले. पण सुरक्षा उपाययोजनांचा पूर्तता अहवाल अजून आला नाही म्हणून स्मरणपत्र मात्र त्याच कार्यालयाने न विसरता पाठवले. फसवणाऱ्याला कोणी एक प्रश्न विचारला नाही. ठराव कुठे, दरपत्रके कुठे, सही कोणाची, हे सगळे आम्हालाच विचारले गेले.

अखेर वकिलांच्या सल्ल्याने भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीबद्दलच्या कलम ३१८ चा उल्लेख करून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज पाठवला आहे. ठाण्यात नोंद नाकारली तर हा मार्ग असतो, हे तिथे कोणीही सांगत नाही. अर्जाची पोचपावती आली आहे. त्यातूनही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जावे लागेल आणि त्यासाठी वकिलांनी १५,००० रुपये सांगितले आहेत. हा खर्च संस्थेच्या खात्यातून करू नये, असा ठराव कार्यकारिणीने एकमताने केला असल्यामुळे तो मला माझ्या खिशातून करावा लागणार आहे.